मिन्नोचा चंबू

रात्र नव्हती.

हे आधीच सांगते. असल्या गोष्टी निघाल्या की लोक रात्र धरून बसतात. अंधार असेल, डुलकी लागली असेल, दिवा फडफडला असेल... तसलं काही नव्हतं. भर दुपार होती. अंगणात ऊन एवढं, की भिंतीकडे बघवत नव्हतं. घरात माणसंच माणसं होती आणि त्यातलं एकही झोपलेलं नव्हतं.

आणि मी खोटं सांगत नाही. पाच सुना आणि तीन जावई नांदवलेत मी. ह्या वयात खोटं बोलून मला कुणाकडून काय मिळवायचंय?

अथेन्सच्या कुंभारवाड्यात, दुहेरी वेशीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. फुलांच्या सणाचा दुसरा दिवस. चंबूंचा दिवस. मी तेव्हा अकरा वर्षांची.

जे घडलं ते माझ्या आईच्या बाबतीत घडलं. थोडं मी डोळ्यांनी बघितलं. उरलेलं तिनं मरायच्या आठवडाभर आधी सांगितलं. ती असेपर्यंत तोंड उघडणार नाही, असं वचन घेऊन.

आता ती नाही.

आईचं नाव थेआनो. बाबा गेले तेव्हा लोक म्हणाले, आता ह्यांची भट्टी विझली. आईनं ती विझू दिली नाही. माती कालवणारे गडी, चाकावरचे कारागीर, लाकूड आणणारे, सगळे तिच्या एका नजरेत होते. तिची एकच बढाई होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

"आमच्या घरातून गळकं भांडं कधी बाहेर पडलं नाही."

माझा भाऊ देक्सिओस भांड्यांवर चित्रं काढायचा. हातात जादू, पण तोंडात जीभ नाही. आईपुढे तर नाहीच. त्याची बायको मेलिता. आणि त्यांची पहिली मुलगी, मिन्नो.

मिन्नो कायम एकच चप्पल घालून फिरायची. दुसरी कुठंतरी हरवलेली. फरशीवर पळाली की आवाज यायचा. चट... थप... चट... थप... आणि तिच्यामागे आमचा लंगडा कुत्रा.

चंबूंच्या दिवशी आमच्यात तीन वर्षांच्या मुलांचं कौतुक असतं. डोक्यावर फुलांचा मुकुट, आणि स्वतःचा पहिला चंबू. मुठीत मावेल एवढा. त्यात पाणी घातलेल्या दारूचे चार थेंब. त्या दिवसापासून ते मूल माणसांत आलं म्हणायचं.

मिन्नोचा चंबू देक्सिओसनं स्वतः रंगवला. ती त्याच्या गुडघ्याशी बसून राहायची.

"बाबा, मला काढ."

"काढतोय."

"लंगड्याला काढ."

"काढला."

"माझी चप्पल काढ."

"एक का दोन?"

"एकच!" आणि स्वतःच खो-खो हसली.

भट्टीत जायच्या आधी त्या चित्रात काही दिसत नाही. लालसर मातीवर मातीचाच लेप. आगीतून बाहेर आलं की मग ते काळं काळं होतं आणि मधली माणसं उजळतात. मिन्नोला ते बघायला मिळालं नाही.

सणाला बारा दिवस उरले होते. ताप आला. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

चंबूंचा दिवस बघायच्या आधी जे मूल जातं, त्याच्यासोबत त्याचा चंबू पुरतात. वर नाही तर खाली, पण त्याचा सण व्हायला हवा म्हणून. आमच्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मेलिता केस कापून भिंतीशी बसली होती. भट्टी आईनं उघडली.

चंबू हातात घेतला आणि उजेडाकडे फिरवला. असं काम त्या घरातून आधी निघालं नव्हतं. काळा रंग साठलेल्या पाण्यासारखा. मधोमध एका पायात चप्पल घातलेलं पोर, मागे लंगडा कुत्रा.

आईनं तो पदराआड घेतला.

भट्टीमागे फुटक्यांचा ढीग असतो. त्यातून तिनं तेवढाच एक चंबू उचलला. बुडाला बारीक तडा होता. फडक्यात गुंडाळला.

देक्सिओस दारात उभा होता. त्यानं बघितलं.

"आई, तो गळका आहे."

"मेलेल्याला काय कळतंय?"

"आई..."

"मुलगी होती ती. उद्या मुलगा होईल. त्याला देऊ हा. असलं काम मातीत घालायला शिकवलं नाही तुला तुझ्या बापानं."

देक्सिओस दारातून बाजूला झाला. तो नेहमीच बाजूला व्हायचा.

गळका चंबू वेशीबाहेर मिन्नोसोबत गेला. चांगला चंबू आईच्या पलंगाखालच्या पेटीत.

पुढच्या हिवाळ्यात मुलगा झाला. स्मीकोस. अशक्त, सारखा खोकणारा. मेलिता त्याला जमिनीवर ठेवत नसे. आई टोमणे मारायची. "पायांना माती लागू दे जरा, सूनबाई. कुंभाराचं पोर आहे, लोण्याचं नाही."

मेलिता म्हणायची, "एक दिलंय मातीला, सासूबाई. पुरे."

असं करत स्मीकोस तीन वर्षांचा झाला. आणि तो दिवस उजाडला.

त्या दिवशी मेलेले वर येतात. गावभर फिरतात. म्हणून सकाळी उठल्या उठल्या काटेरी झुडपाची कडू पानं चघळायची आणि सगळ्या दारांना डांबर माखायचं. त्याला ओलांडून त्यांना आत येता येत नाही.

थ्रात्ता, आमची थ्रेसची दासी, कोपरापर्यंत काळी झाली होती.

"उंबरठ्यालाही लाव," आई ओरडली. "हात आखडता नको."

"बाईसाहेब, अजून लावलं तर पाहुणे इथंच चिकटून राहतील. मग जेवायला घाला वर्षभर."

"तुझी जीभ चिकटव आधी."

आईनं पेटी उघडली. चंबू काढला. स्मीकोसच्या हातात दिला.

मेलितानं तो बघितला आणि तिचे हात थांबले. ती मुकुटासाठी फुलं ओवत होती.

"हा कधी केला?"

"देक्सिओसनं केला. कधी म्हणजे काय?"

"एकच चप्पल आहे, सासूबाई."

"चित्रकाराची लहर. त्याला विचार."

मेलितानं नवऱ्याकडे बघितलं. देक्सिओस खाली मान घालून चंबूंना आयव्हीच्या वेली गुंडाळत होता. 

तेवढ्यात कुत्रा उठला.

लंगडा फार म्हातारा झाला होता. मिन्नो गेल्यापासून त्यानं शेपूट हलवलेलं कुणी बघितलं नव्हतं. भाकरीला नाही, हाडाला नाही. तो उठला, डुगडुगत अंगणाच्या मध्यावर आला...

आणि शेपूट हलवायला लागला.

तोंड बाहेरच्या दाराकडे नव्हतं. आईच्या खोलीकडे होतं.

आईनं त्याला हाड् म्हटलं. तो हलला नाही. उलट त्याचे डोळे हळूहळू सरकले. खोलीच्या दारापासून... अंगणात... चुलीपाशी... जसं काही कुणी चालत जातंय आणि तो बघतोय.

मग आईला ऐकू आलं.

चट...

थप...

चट...

थप...

तिनं वळून बघितलं. फरशी रिकामी. थ्रात्ता डांबराचा हात पुसत होती. मेलिता फुलं ओवत होती. कुणी मान वर केली नाही.

"थ्रात्ता, तू अनवाणी आहेस का?"

"मी जन्मापासून अनवाणीच आहे, बाईसाहेब."

पाहुणे आले. सहा पुरुष, आपापली तिवई, आपापला मोठा चंबू. शेजारचा युथिआस दारातूनच गर्जत आला. "थेआनोवहिनी, गेल्या वर्षी तुमच्या घरचा चंबू घेऊन पिण्याची शर्यत हरलो. बुडच लागेना!"

आई हसली. "चंबूत खोट नव्हती, भाऊजी. आमच्या घरातून गळकं भांडं बाहेर पडत नाही."

हे म्हणाली, आणि खाली बघितलं.

फरशीवर थेंब होते.

तिच्या खोलीच्या दारापासून सुरू झालेली ओळ. एक थेंब... मग दीड वितीवर दुसरा... मग तिसरा. लहान मुलाच्या पावलाएवढं अंतर. ओळ सरळ अंगणातल्या छोट्या तिवईपाशी गेली होती. जिथं स्मीकोस मुकुट घालून बसला होता.

आईनं बोट लावून वास घेतला. आंबट दारू. आणि ओल्या मातीचा वास. भट्टीजवळच्या मातीचा नव्हे. खोलवरच्या.

ती काही बोलणार, तेवढ्यात गावात तुतारी वाजली.

आता हे समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. एरवी आमच्या बैठकीत कानठळ्या बसतात. एका मोठ्या भांड्यात दारू-पाणी कालवायचं, प्याला हातोहात फिरवायचा, तळाचा गाळ नेम धरून थाळीवर फेकायचा, टण्ण वाजलं की बोंबा ठोकायच्या. चंबूंच्या दिवशी ह्यातलं काही नाही. फार पूर्वी ह्याच दिवशी स्वतःच्या आईच्या रक्तानं हात माखलेला एक पाहुणा गावात आला होता. त्याच्याशी बोलावं लागू नये, त्याच्या भांड्याला तोंड लागू नये, म्हणून राजानं सांगितलं, प्रत्येकानं आपल्या तिवईवर, आपल्याच चंबूतून, मुकाट्यानं प्यायचं. ते आजवर चाललंय. तुतारी वाजली की चंबू रिकामा होईपर्यंत एक शब्द नाही.

आणि कुणी कुणाच्या चंबूला तोंड लावायचं नाही. भावानं भावाच्या नाही, बापानं मुलाच्या नाही. मेलेल्यानं जर कुणाच्या चंबूला तोंड लावलं, तर तो चंबू ज्याचा, तो त्याच्या मागोमाग जातो. माझी आजी असं सांगायची.

शांतता पसरली. साऱ्या अथेन्सवर. गाढवंसुद्धा ओरडेनात.

फक्त घोट गिळल्याचे आवाज. गट... गट... गट...

सहा पाहुणे आणि देक्सिओस, सात पुरुष पीत होते. आईनं नकळत कान दिला.

आठवा आवाज होता. बारीक. अंगणातून.

स्मीकोस तिवईमागच्या बाकावर थोडा सरकला होता. कुणाला तरी जागा करून द्यावी तसा. डावीकडे बघून हसत होता. त्यानं चंबू उचलला, एक घोट घेतला...

मग तो चंबू डावीकडे पुढे केला.

आणि तिरका धरला.

हे मी बघितलं. माझ्या ह्या डोळ्यांनी. चंबू पुरता तिरका झाला. त्याच्या तोंडातून दारू निघताना मला दिसली.

खाली एक थेंब पडला नाही.

त्यानं चंबू परत घेतला. स्वतः प्यायला. पुन्हा पुढे केला.

मेलिताची पाठ होती, ती चुलीशी होती. आईनं हात हलवले, खुणा केल्या. मेलितानं बघितलं नाही. बैठकीच्या दारातून देक्सिओसला सगळं दिसत होतं. त्याचा चंबू ओठापाशी थांबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण तो जागचा हलला नाही.

स्मीकोसचे ओठ निळे पडत चालले होते.

तिसऱ्यांदा त्यानं चंबू पुढे केला.

आणि माझी आई, जिनं आयुष्यात कधी रीत मोडली नाही, ती त्या शांततेत ओरडली.

"मिन्नो! सोड त्याला!"

सातही चंबू थांबले. मेलिता वळली.

स्मीकोसनं आजीकडे रागानं बघितलं. लहान मुलं बघतात तसं, खेळ मोडल्यावर.

"तिला ओरडू नको ना, आजी," तो म्हणाला. "तिचा गळतो."



मिन्नो त्याला कुणी सांगितली नव्हती. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं. आणि गळका चंबू तर दोनच माणसांना माहीत होता.

मेलिताचा आवाज अगदी हलका आला. "कुणाचा गळतो?"

आईनं नजर चुकवली. पहिल्यांदाच.

देक्सिओस बैठकीतून म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, आई."

मेलितानं चित्राकडे बघितलं. एक चप्पल. लंगडा कुत्रा. तिला सगळं कळलं. ती रडली नाही. तिनं स्मीकोसला उचललं आणि तिच्या तोंडून नुसता अस्फुट आवाज निघाला. पोर थंडगार होतं. विहिरीच्या दगडासारखं.

"सासूबाई, हा जिचा आहे तिला देऊन या. आत्ता."

"मेलिता, मी..."

"माझ्या लेकराच्या अंगात ऊब येईपर्यंत मला तोंड दाखवू नका."

त्या घरात आईशी असं कुणी बोललं नव्हतं. आईनं चंबू छातीशी धरला आणि दाराकडे निघाली.

मागून आवाज.

चट... थप... चट... थप...

आई उंबरठा ओलांडून रस्त्यात गेली.

आवाज उंबरठ्यापाशी थांबला.

चट... चट... चट... एकाच जागी. लहान मूल हट्टानं पाय आपटतं तसा.

आईनं खाली बघितलं. डांबर. ताजं, जाड, स्वतः उभं राहून लावून घेतलेलं.

तेव्हा तिला समजलं. ते डांबर बाहेरच्यांसाठी होतं. मिन्नो बाहेरून आलीच नव्हती. चार वर्षं ती त्या पेटीशी बसून होती, तिच्या चंबूपाशी. तिच्या आजीच्या पलंगाखाली. आणि दर सणाला आजी तिला आत कोंडून डांबर माखत होती.

आई गुडघ्यांवर बसली.

सहा पाहुणे बघत होते. दासी बघत होती. कुंभारवाड्यातली सगळ्यात ताठ मानेची बाई भर रस्त्यात वाकली आणि नखांनी डांबर खरवडायला लागली.

थ्रात्ता घाबरली. "बाईसाहेब, दार उघडं पडेल. बाकीचे आत येतील!"

आईनं हात थांबवले नाहीत. नखं तुटली. फरशीची एक पट्टी उघडी झाली.

ती बाजूला सरकली. मग मी तिचा आवाज ऐकला. आम्हा मुलांशी ती तसं कधी बोलली नव्हती.

"ये बाळ. चल."

चट... थप...

उंबरठ्यावरून. बाहेर.

कुत्रा मागोमाग गेला.

वेशीबाहेरच्या कबरी आईला तोंडपाठ होत्या. तिनं मिन्नोच्या उशाची माती हातांनी उकरली. कबर उकरणं म्हणजे काय, ते आमच्यात सांगायला नको. कुणी बघितलं असतं तर घर वाळीत पडलं असतं. तिला पर्वा नव्हती.

वर झाकलेलं कौल लागलं. ते उचललं.

फडकं होतं. नीट घडी घातलेलं.

गळका चंबू नव्हता.

आईनं चांगला चंबू ठेवला, कौल झाकलं, माती लोटली. मग बराच वेळ तिथं बसून राहिली. मला शेवटी म्हणाली, की आतून आवाज आला होता. पाणी पिताना मूल मधेच श्वास घेतं ना, तसा.

घरी आली तेव्हा स्मीकोस मेलिताच्या मांडीवर झोपला होता. अंग गरम होतं. घाम फुटला होता. लंगडा कुत्रा मात्र परत आला नाही. दुसऱ्या दिवशी कबरीवर सापडला. आडवा. शेपूट मातीवर पसरलेलं.

मेलिता त्यानंतर वीस वर्षं त्या घरात राहिली. आईशी कधी बोलली नाही. पानात वाढायची, अंथरूण घालायची. शब्द नाही. ते घर म्हणजे वर्षभराचा चंबूंचा दिवस झालं.

आणि आईनं ती बढाई पुन्हा कधी मारली नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी माहेरी जाऊन राहिले. तिला तहान लागायची. सारखी. मी प्याला ओठाला लावायची, ती दोन घोट घ्यायची आणि म्हणायची, "आणखी दे गं. काही पोटात जातच नाही."

शेवटच्या सकाळी तिनं दोन्ही हात एकत्र धरले. ओंजळ नव्हे. काहीतरी लहान, गोल धरावं तसे.

"हा मला कुणी दिला?" ती म्हणाली.

"काय, आई?"

"हा. काढून घे ना. गळतोय तो..."

तिचे हात रिकामे होते.

पण अंथरुणावर, तिच्या बोटांच्या बरोबर खाली, ओल पसरत होती.

तिच्यासोबत मी तीन चंबू पुरले. तिन्ही नवे, तिन्ही पाणी भरून रात्रभर तपासलेले. मुलगी म्हणून जे करायचं ते सगळं केलं. कुठं कमी पडू दिलं नाही.

ह्या वर्षी माझी पणती तीन वर्षांची झाली. तिचा चंबू काल संध्याकाळी भरून फळीवर ठेवला. गळतो का ते बघायला. मी प्रत्येक मुलाचा बघते. घरातले हसतात, हसू देत.

आज सकाळी फळी कोरडी होती. ठणठणीत कोरडी.

चंबू रिकामा होता.

मिन्नोला तर तिचा चंबू मिळाला. ती तहानलेली नाही.

मग घरात आणखी कोण तहानलेलं आहे, ते मला माहीत आहे. पण मी नाव घेणार नाही.

उद्या सण आहे. थ्रात्ताची नात डांबराचं भांडं घेऊन दारात उभी आहे. लावू का, बाईसाहेब, म्हणून विचारतेय.

मी अजून काही सांगितलेलं नाही.